मामाचा हातगुण

माझ्या नेमणुकीचं पत्र आलं त्या संध्याकाळी मामाने दोन अटी घातल्या. "एक, प्रयोगशाळेत मला अहो-जाहो करायचं. दोन, तिथे मी तुला बिट्टी म्हणणार नाही." यातली दुसरी अट त्यानेच पहिल्या दिवशी सव्वानऊ वाजता मोडली. मी गळ्यात ओळखपत्र अडकवून, चेहऱ्यावर जमेल तेवढं गांभीर्य आणून आत शिरले आणि भट्टीच्या मागून हाक आली, "बिट्टे, चपला काढ बाहेर! इथे बूट लागतात!"

त्या क्षणापासून शिपायापासून प्रयोगशाळा चालवणाऱ्या मॅडमपर्यंत सगळ्यांची मी बिट्टी झाले. बदल्यात तो सगळ्यांचा मामा झाला. हिशेब फिटला म्हणायचं.

मामा म्हणजे आईचा थोरला भाऊ. आमच्याच मजल्यावर, समोरच्या दारात राहतो. एकटाच. लग्न का नाही केलं असं कुणी विचारलं तर म्हणतो, "भट्टी सांभाळतोय ती काय कमी आहे?" जन्मभर भट्ट्या चालवल्या त्याने. आधी चिनी मातीच्या, मग धातूंच्या, आणि गेली सहा वर्षं कार्बनच्या नळ्या उगवणारी.

'उगवणारी' हा शब्द मी उगाच वापरत नाही. एका चकचकीत चकतीवर लोखंडाचे इतके बारीक कण बसवतात, की बघणाऱ्याला चकती कोरीच वाटावी. ती क्वार्ट्झच्या लांब नळीत सरकवायची, नळी भट्टीत साडेसातशे अंशांपर्यंत तापवायची आणि एका टोकाने इथिलीन सोडायचा. पिकणाऱ्या फळांतून सुटतो तोच वायू. त्या उष्णतेत तो मोडतो, त्यातला कार्बन लोखंडाच्या कणांना जाऊन चिकटतो आणि एकेका कणावर एकेक नळी उभी राहायला लागते. केसाहून हजारो पट बारीक, गवतासारखी दाट. दिवस चांगला असला तर वीस मिनिटांत दोन मिलिमीटर उंचीची काळी मखमल तयार. दिवस वाईट असला तर चकतीवर नुसती काजळी.

आणि चांगले दिवस सगळे मामाचे असायचे. भट्टी चालवणारे दोघं. एक मामा आणि दुसरा मॅडमच्या हाताखाली पीएचडी करणारा एक विद्यार्थी. तो प्रत्येक गोष्ट पुस्तकात बघून करायचा, म्हणून त्याला पुस्तक्या म्हणत. गॅस तोच, तापमान तेच, चकत्या एकाच डब्यातल्या. पुस्तक्याने रन केला, म्हणजे चकती घालून भट्टी चालवली, की काजळी, मामाने केला की मखमल. सगळी प्रयोगशाळा म्हणायची, "मामाचा हातगुण!" मामा वर बघून म्हणायचा, "छे छे, आपलं काय, भट्टीचीच कृपा." पण कॉलर ताठ व्हायची, ती मी पाहिलेली आहे.

मॅडम वीस वर्षं रसायनशास्त्र शिकवत होत्या. "मी असलं काहीही मानत नाही," असं त्या ठणकावून सांगायच्या आणि मामाचा रन सुरू झाला की गुपचूप बाहेरच्या व्हरांड्यात जाऊन उभ्या राहायच्या. कारण त्या जवळ थांबल्या की मामाच्या हातूनही काजळीच निघायची. हे चार वेळा झालं होतं. "माझी नजर लागते बहुतेक," त्या मला एकदा हळूच म्हणाल्या. मग लगेच, "हे कुठे बोलू नकोस."

मला घेतलं होतं ते या सगळ्याचा निकाल लावायला. एका कंपनीला यंत्रांतली उष्णता ओढून घेण्यासाठी ही मखमल हवी होती. अडीच महिन्यांनी त्यांची माणसं येणार होती. त्यांची मागणी साधी होती: कागदावर कृती लिहून द्या, त्या कृतीने आमच्यासमोर लागोपाठ तीन रन करा, आणि ते मामांनी करायचे नाहीत.

"मामांना काही बाटलीत भरून देता येत नाही," मॅडम म्हणाल्या. "आत नेमकं काय घडतं ते मला बघून सांग."

आता साडेसातशे अंशांच्या बंद नळीत बघायचं कसं? झाकण उघडलं की हवा शिरणार आणि सगळं जळून जाणार. तिथे लेझर कामाला येतो. प्रत्येक प्रकारच्या रेणूची खाण्याची आवड ठरलेली असते. प्रकाशातला अमुक एक रंगच तो गिळतो, शेजारचा तोंडातही घालत नाही. म्हणून लेझरचा रंग हळूहळू सरकवत नळीतून आरपार सोडायचा आणि पलीकडे किती उरला ते मोजायचं. जो रंग कमी पडला, त्यावरून वाटेत कोण बसलं होतं ते कळतं. किती कमी पडला, त्यावरून किती जण होते तेही कळतं. माझा लेझर डोळ्यांना न दिसणाऱ्या रंगाचा होता, त्यामुळे मामाची पहिल्याच दिवशी निराशा झाली.

"कुठाय?"

"इथूनच जातोय."

"मला तर काही दिसत नाही. चालू केलायस ना?"

काचकामाच्या विभागाने नळीला समोरासमोर दोन कान काढून दिले, त्यांच्या टोकांना खिडक्या. पहिल्याच रनमध्ये खिडक्या काजळीने आंधळ्या झाल्या. मग त्या कानांतून कोरडा, निष्क्रिय आर्गॉन वायू हलकेच आत फुंकत ठेवायची युक्ती केली, तेव्हा काच स्वच्छ राहायला लागली. टेबलाभोवती काळा पडदा लावला, दारावर लाल दिवा बसवला, आणि मी सहा आठवडे रोज पडद्याच्या आत मोजत बसले. मामाचे रन, पुस्तक्याचे रन. इथिलीन मोडून काय काय तयार होतं, कुठल्या मिनिटाला किती, सगळं.

सहा आठवड्यांनी माझ्या हाती काय लागलं? काही नाही. मखमलीच्या दिवशी आणि काजळीच्या दिवशी आतला वायू तसाच मोडत होता, अगदी जुळ्या भावांसारखा.

मॅडमना हे सांगायला मला दोन दिवस लागले. पुस्तक्याने पुस्तकातून सात कारणं काढली, त्यातलं एकही लागू पडेना. मामा मात्र खुशीत. घरी आईला सांगत होता, "परदेशातून यंत्र आणलंय तुझ्या लेकीने, त्यालाही सापडत नाही. हातगुण आहे तो, सापडेल कसा?"

आई म्हणाली, "मग पोरीला जरा शिकव की."

"ते शिकवून येत नाही," मामा म्हणाला आणि चहाचा कप पुढे केला.

त्या रात्री जेवल्यावर मी चिडून सगळ्या नोंदी पुन्हा काढल्या. मूळ नोंदी, साफ न केलेल्या. एक गोष्ट सांगायची राहिली. मी ज्या रंगांत मोजत होते, तिथेच पाण्याच्या वाफेच्याही रेषा येतात. खोलीतल्या हवेत दमटपणा असतोच, त्यामुळे त्या रेषा प्रत्येक नोंदीत लुडबुड करतात. मी काय करत होते, तर केर काढावा तशी ती पाण्याची लुडबुड रोज पुसून टाकत होते आणि उरलेलं मोजत होते. आता केरच उघडून बघितला. मामाच्या दिवशी पाणी जास्त. पुस्तक्याच्या दिवशी जवळजवळ नाही.

मी आधी स्वतःवरच विश्वास ठेवला नाही. सकाळी पुस्तक्याला दाखवलं तर तो म्हणाला, "खोलीतलंच असणार. पाऊसपाणी, माणसांचे श्वास." मुद्दा बरोबर होता. मग लेझरच्या बाहेरच्या सगळ्या वाटेवर प्लास्टिकची पिशवी घालून त्यात कोरडा नायट्रोजन भरला, म्हणजे खोलीतलं पाणी मोजण्यात येणारच नाही. तरीही मामाच्या रनमध्ये पाणी होतं. म्हणजे ते नळीच्या आतच होतं. फार नाही. दहा लाख रेणूंत दोनशे-तीनशे. पण आमचे गॅस इतके कोरडे असतात की तिथे एवढं पाणी म्हणजे वाळवंटात नळ सापडल्यासारखं.

सिलिंडर तपासले, कोरडे. पाइप तपासले, कोरडे. मामाला विचारलं, "तुम्ही काही वेगळं करता का?"

"मी? मी काय करणार?" आणि तो खिडकीबाहेर बघायला लागला. मामाला खोटं बोलता येत नाही. खोटं बोलायची वेळ आली की तो हवामान बघतो.

पुढच्या मंगळवारी मी लवकर गेले होते. एक आरसा सरकला होता, तो जागेवर आणायला पडद्याच्या आत टेबलाखाली शिरले होते. मामाला वाटलं खोलीत कुणी नाही. त्याने रन सुरू केला. मी काहीच बोलले नाही, कारण तोंडात पाना धरला होता. इथिलीन सुरू झाला. सहाव्या मिनिटाला माझ्यासमोरच्या छोट्या पडद्यावर पाण्याची रेषा हळूहळू वर चढायला लागली. मी काळ्या पडद्याची कड बाजूला केली.

मामा नळीच्या बाहेर आलेल्या टोकावर ओलं फडकं पसरत होता.

नवजात बाळाला दुपटं गुंडाळावं तसं, दोन्ही हातांनी, सावकाश. फडक्यातून वाफ निघत होती. त्याने खिशातून दुसरं फडकं काढलं, बेसिनमध्ये बुडवलं, पिळलं आणि हातात तयार धरलं. बाहेर पावलं वाजली तसं झटकन फडकं ओढून घेतलं, एप्रनच्या आत कोंबलं आणि हाताची घडी घालून उभा राहिला. पावलं पुढे निघून गेली. फडकं पुन्हा टोकावर आलं. माझ्या पडद्यावरची रेषा खाली जाऊन परत वर आली होती.

तोंडातला पाना पडला.

मामाने काळ्या पडद्याकडे पाहिलं. मी रांगत बाहेर आले.

"रबर जळतं," तो म्हणाला. "टोकाला झाकणात रबराची रिंग आहे ना, ती तापते. पुस्तक्या छोटा पंखा लावतो, त्याने काय होतंय! मी फडकं टाकतो. पण विजेच्या भट्टीपाशी ओलं काही आणायचं नाही अशी पाटी लावली आहे, म्हणून कुणाला सांगत नाही. मॅडम असल्या की टाकताच येत नाही."

रन संपून नळी निवल्यावर आम्ही रिंग काढून पाहिली. तिला केसासारखी चीर होती. गरम टोकावरची वाफ तिच्यातून झिरपत थेट आत जात होती. इथिलीन मोडताना लोखंडाच्या कणांवर काजळीचा थर बसतो आणि ते गुदमरतात. ती चिमूटभर वाफ हा थर धूत राहायची, कण मोकळे राहायचे आणि नळ्या वाढत राहायच्या. मी आनंदाने ओरडलेच, "मामा, सापडलं! हातगुण नव्हताच तो, ओलं फडकं होतं!"

हे वाक्य तोंडातून निघालं आणि ते परत आत घेता आलं असतं तर मी पगार सोडला असता. मामाने फडकं नीट घडी करून बेसिनच्या कडेला ठेवलं आणि तो जेवायला गेला. सव्वादहा वाजता.

दुसऱ्या दिवसापासून मामा पाटीप्रमाणे वागायला लागला. नवी रिंग, छोटा पंखा, हाताची घडी. "नियम म्हणजे नियम," असं म्हणून तो काजळीवर काजळी काढू लागला. मॅडम घाबऱ्या झाल्या. त्यांना काहीच माहीत नव्हतं, कारण मी अजून सांगितलं नव्हतं. सांगायचं म्हणजे मामाचं फडकं चव्हाट्यावर आणायचं. मी विचार केला, फडक्याचं नावच कशाला घ्या? पाणीच हवं ना, तर सरळ बाटलीतून वाफ सोडू. पुस्तक्याला एवढंच सांगितलं की पाणी घालून बघतेय. आम्ही वाफ सोडली. पहिल्या मिनिटापासून, मोजून दहा लाखांत अडीचशे. चकती कोरी निघाली. कमी केली, काजळी. जास्त केली, पुन्हा कोरी. पाच दिवस हेच. मोजमाप बरोबर, माप बरोबर, आणि नळी उगवायचं नाव नाही.

घरी मामा चहाला यायचा बंद झाला. समोरचं दार उघडायचं, बंद व्हायचं, चपलांचा आवाज जिन्याने खाली जायचा. आठव्या दिवशी आईने मला स्वयंपाकघरात उभं केलं.

"काय केलंस त्याला?"

मी सांगितलं. आईला रसायनशास्त्रातलं काही कळत नाही, पण तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तुझ्या लेझरला नळीच्या आतलं एवढंसं पाणी दिसलं. तुझ्या डोळ्यांना समोर उभ्या मामाचं तोंड दिसलं नाही?"

मी जाऊन माझ्या खोलीत बसले. आणि बसल्या बसल्या, मामाची माफी कशी मागावी याचा विचार करताना, मी पुन्हा तो केर उपसायला लागले. या वेळी पाणी किती, हे बघितलं नाही. कधी, ते बघितलं. मामाचे तेवीस रन माझ्याकडे होते. सगळ्यांचे आलेख एकावर एक ठेवले.

दोघांत मधेच एकेक खड्डा होता तेवढा सोडला, तर ते एकमेकांवर चपखल बसले. सुरुवातीची सहा मिनिटं पाणी नाही. मग सावकाश चढ. अकराव्या मिनिटाला माथा. मग थोडा उतार, पुन्हा छोटा चढ, आणि सतराव्या मिनिटाला एकदम खाली. तेवीस वेळा, हाताने, फडक्याने, घड्याळ न बघता, आणि वर लपूनछपून! यंत्रालाही इतकं सारखं जमलं नसतं. मी मात्र पहिल्या मिनिटापासून सरसकट पाणी ओतत बसले होते.

सकाळी मी कागदावर तो आलेख काढून मामाच्या दारावर टकटक केलं. त्याने दार अर्धंच उघडलं.

"काय आहे?"

"तू आहेस," मी म्हटलं. घरी होते, म्हणून तू म्हटलं. "बघ तरी."

त्याने चष्मा लावला. "ही काय, वाळत घातलेली दोरी?"

"आडवं आहे ते मिनिटं. उभं आहे ते पाणी."

मग चढाच्या पायथ्याशी बोट ठेवलं. "इथे चकती काळी पडते. टोकाच्या काचेतून दिसतं. काळी पडल्याशिवाय मी फडकं टाकत नाही."

"का?"

"का म्हणजे? तोवर टोक तापलेलंच नसतं." बोट पुढे सरकलं. "इथे पहिलं फडकं वाळतं. इथे दुसरं. हे कमी पिळलेलं असतं. इथे काढायचं, नाहीतर काच थेंबाळते." मग त्याने एका वेगळ्या रेषेवर बोट थांबवलं. तिच्यात मधेच एक खड्डा होता. "हा मंगळवारचा. तू पान्यासकट टेबलाखाली होतीस तो."

"आणि हा दुसरा खड्डा?"

"इथे पुस्तक्या मला वाढदिवसाच्या शुभेच्छा द्यायला आला होता. जायलाच तयार नाही लेकाचा." आणि मामा हसला. नऊ दिवसांनी.

मी म्हटलं, "मामा, मी चुकले रे. लोखंडाचे कण आधी नुसते असतात. तेव्हाच पाणी दिलं की ते गंजतात, मग काही उगवत नाही. कार्बन धरायला लागल्यावरच पाणी द्यायला हवं. तुला ते बरोबर कळत होतं."

"मला काही कळत नव्हतं. मी रबर वाचवत होतो." त्याने चष्मा काढला. "पण हात नेमका होता म्हणतेस?"

"तेवीस वेळा."

"आत ये," तो म्हणाला. "चहा टाकतो. तुझ्या आईच्या चहाला नऊ दिवस मुकलोय, पण तसं तिला सांगू नकोस."

त्या दिवशी आम्ही दोघांनी बाटलीच्या नळाशी बसून रन केला. मी पडद्यावरची रेषा बघत होते आणि मामा टोकाच्या काचेतून चकती. "काळी पडली," तो म्हणाला की मी म्हणायचे, "सोडा," आणि तो केसभर नळ फिरवायचा. पहिल्यांदा काजळी आली. दुसऱ्यांदा अर्धा मिलिमीटर, म्हणजे काजळीहून बरं. तिसऱ्यांदा मामा वैतागून म्हणाला, "तुझी रेषा अशी आडवी काय तोंड करून बसते? ती माझ्याकडे वळव." मी पडदा त्याच्याकडे फिरवला. त्याने रेषेकडे बघत, फडकं पसरायचा तसा सावकाश नळ सोडला. दोन पूर्णांक एक मिलिमीटर! पुस्तक्याने तीनदा मोजलं.

मग मामा स्वतःहून मॅडमच्या खोलीत गेला. मी म्हटलं होतं, "मी सांगते." तो म्हणाला, "फडकं माझं, मीच सांगणार." मी दारात उभी राहिले. त्याने सगळं सांगितलं. पाटी, रबर, फडकं, एप्रन. मॅडमनी टेबलावर दोन्ही हात ठेवले. मला वाटलं, आता गेली मामाची भट्टी.

"म्हणजे," त्या म्हणाल्या, "माझी नजर लागत नव्हती?"

"नाही मॅडम. तुम्ही असलात की फडकं काढावं लागायचं."

"चार वर्षं मी थंडीवाऱ्यात व्हरांड्यात उभी राहिले, मामा!"

त्या हसत होत्या की रागावल्या होत्या, हे मला अजून नीट सांगता येणार नाही. त्यांनी त्याच दिवशी दोन कागद काढले. एक मामाला लेखी ताकीद, विजेच्या भट्टीवर ओलं फडकं टाकल्याबद्दल. दुसरा शोधनिबंधाचा कच्चा मसुदा, ज्यात लेखकांमध्ये मामाचं पूर्ण नाव होतं. माझ्या नावाच्या आधी. मामाने दोन्ही कागद उलटसुलट करून वाचले.

"यात फडक्याचं लिहिणार का?"

"'बाष्पाचा कालबद्ध पुरवठा' असं लिहू," मॅडम म्हणाल्या.

"म्हणजे फडकंच."

"सही करा, मामा."

कंपनीची माणसं आली तेव्हा रन पुस्तक्याने केले. कागदावरची कृती, मिनिटागणिक लिहिलेली, आणि नळ मोटरला जोडलेला. मोटर आलेखाप्रमाणे आपोआप फिरायची. मामाला स्टुलावर बसवलं होतं. कुणी सांगितलं नव्हतं, तरी त्याने दोन्ही हात खिशात घातले होते. सहाव्या मिनिटाला त्याचा उजवा हात खिशातल्या खिशात हलला. दोन पूर्णांक एक, दोन पूर्णांक दोन, दोन पूर्णांक एक. पाहुणे टाळ्या वाजवणारे नव्हते, त्यांनी माना हलवल्या आणि वह्यांत लिहून घेतलं. मॅडम तिन्ही रनच्या वेळी भट्टीला जवळजवळ चिकटून उभ्या होत्या. व्हरांड्याचं जणू उट्टं काढत होत्या.

आम्ही दोघं चालत घरी निघालो. मामा गप्प होता. मी काही विचारलं नाही. या बाबतीत मी थोडी सुधारले होते. बाजारातली दुकानं मागे पडली, पूल ओलांडला, तेव्हा तो म्हणाला, "सहा वर्षं वाटायचं, माझ्या हातात काहीतरी आहे. काय आहे ते ठाऊक नव्हतं, म्हणून ते खूप मोठं वाटायचं. आता कळलं, केवढं आहे ते. तुझ्या कागदावर मावतं."

"वाईट वाटतंय?"

"अजून ठरलं नाही," तो म्हणाला. "ठरलं की सांगतो."

ते काही त्याने सांगितलं नाही, कारण त्याला वेळच मिळाला नाही. पुढच्या महिन्यात कंपनीने त्यांच्याकडची मोठी भट्टी सुरू केली. आमच्या नळीच्या चौपट जाड नळी, चकत्या ताटाएवढ्या. आमची कृती अक्षर न अक्षर पाळली आणि निघाली ती काजळी. त्यांचा फोन आला. मॅडम म्हणाल्या, "बिट्टी, लेझर घेऊन जा. आणि मामांना विचार."

मामाला विचारायची गरज पडली नाही. तो बूट घालून दारात उभा होता. तिथे पोचल्यावर त्यांच्या अभियंत्याने फार आदराने त्याला खुर्ची दिली आणि म्हणाला, "मामा, आधी तुम्ही हात लावून बघा ना."

मामाने मोठ्या नळीभोवती एक चक्कर मारली. टोकाच्या काचेतून वाकून बघितलं. मग खुर्ची ओढून माझ्या शेजारी आणली.

"हात मागाहून," तो म्हणाला. "बिट्टे, तुझं ते चालू कर आधी. मोठ्या नळीत पाणी भिंतीकडे पळत असेल. मधे किती उरतं ते बघू दे."

मी लेझर जुळवायला घेतला. अभियंत्याने लेझरच्या वाटेकडे बघितलं आणि विचारलं, "चालू आहे का? काही दिसत नाही."

"दिसणार नाही," मामा म्हणाला. "तुम्ही जरा बाजूला व्हा. वाटेत उभे आहात."